मेजरसाहेबांची आंघोळ

आमच्या आत्याबाई माणसांना अरे-तुरे करायच्या आणि कुत्र्याला अहो-जाहो. थट्टा नाही, रोजचं होतं ते. दवाखान्यातला वॉर्डबॉय असो, रिक्षावाला असो, नाहीतर माझे बाबा, म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, सगळ्यांना ‘काय गा’ नाहीतर ‘काहून बे’. आणि मेजर नावाचा तो वाकड्या पायांचा, चपट्या नाकाचा, सदा लाळ गाळणारा बुलडॉग मात्र ‘अजी मेजर’. “बसा नं जी. पाय द्या. हा नाही, तो. अजी, तो म्हणलं मी!” मी एकदा विचारलंच, “आत्याबाई, कुत्र्याले काहून अहो म्हणता तुम्ही?” तर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “तो आजवर माह्याशी खोटं बोलला नाही. असा एखादा माणूस आणून दाखव, त्यालेही म्हणीन.”

दर रविवारी सकाळी मेजरची आंघोळ. तुम्ही बुलडॉगला आंघोळ घातली आहे का कधी? नाही ना? मग तुम्हाला वाटेल बादलीभर पाणी ओतलं, साबण चोळला, झालं. काही नाही होत तसं! बुलडॉग म्हणजे सुरकुत्यांचं गाठोडं. उचलायला जा, तर सिमेंटचं पोतं. पळत नाही, चावत नाही, नुसता बसून राहतो. अंगणातल्या फरशीवर असा बसायचा की चार पाय आत आणि पोट जमिनीला. आत्याबाई पदर खोचून त्याच्यासमोर पाटावर बसायच्या, एका हातात लाल साबण, दुसऱ्या हातात तांब्या, आणि तोंड सुरू. आठवडाभराचा राग त्या रविवारसाठी साठवून ठेवायच्या. मोठे डॉक्टर राउंडला येऊन नर्सच्या नावानं ओरडले, तो राग. औषधाचं कपाट उघडं टाकून चहाला गेलेला वॉर्डबॉय, तो राग. माझे बाबा. सरकार. सगळ्यांची नावं घेऊन घेऊन मेजरच्या पाठीवर साबण चालायचा. “थो डॉक्टर म्हणते, सिस्टर तुम्हाले समजत नाही. मले समजत नाही! पंधरा मिनिटं सुई टोचून राहिला होता बुढ्याच्या हाताले, शीर सापडेना!” तोंडातून आग, आणि हात बघाल तर इतका हलका, की मेजरचे डोळे मिटायचे.

पण खरं काम पुढं होतं. पुसायचं. “धुणं कोणालेही येते वं पोट्टे, पुसणं येत नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. बुलडॉगच्या नाकावर एक घडी असते, डोळ्यांखाली दोन, मानेला तर गळपट्ट्यासारख्या घड्याच घड्या, आणि शेपटीच्या मुळाशी एक खळगा असतो, तो मी कुणाला सांगितला तर हसतात, पण असतो! यातल्या एका जागी जरी ओल राहिली, तर दोन दिवसांत तिथं लाल होतं, चिघळतं, वास मारतो. आत्याबाई बोटाला कापूस गुंडाळायच्या आणि एकेक घडी उघडून कोरडी करायच्या, मग बोरिक पावडर. मला कंटाळा यायचा. भिजलेल्या कुत्र्याचा वास केसांत बसायचा, सोमवारी कॉलेजात मैत्रिणी नाक मुरडायच्या. मी म्हणायची, “झालं नं आता, वाळेल तो उन्हात.” की फटकारा आलाच. “वरून वाळते. वरून सगळेच वाळलेले दिसते. आत पाहा नं!”

मी मौद्याहून कॉलेजसाठी आत्याबाईंकडं राहायला आले होते. बाबा मौद्याच्या शाळेत क्लार्क. आत्याबाई नागपुरात मोठ्या दवाखान्यात नर्स, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडच्या गल्लीत त्यांनी खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वरच्या मजल्यावर घरमालक, त्यांना गल्लीत सगळे भाऊसाहेब म्हणायचे, आणि त्यांची बायको, काकू. मागच्या खोल्यांमध्ये एक बँकवाल्यांचं कुटुंब. अंगण सगळ्यांचं मिळून, आणि अंगणात विहीर.

भाऊसाहेबांसारखं गोड बोलणारा माणूस मी अजून पाहिला नाही. देव करो, पुन्हा दिसू नये. ‘या हो सिस्टर’, ‘बसा हो सिस्टर’, ‘आमच्या घराला तुमच्यामुळे शोभा आहे’. घरमालक म्हणून आत्याबाईही त्यांना तेवढं ‘जी’ म्हणायच्या. खोल्या देताना त्यांनी आडनाव ऐकलं, पण त्यावरून काही कळेना, आणि पांढऱ्या कडक साडीतल्या बाईला जात विचारणार कशी? दिवाळीत बाबा आले. फाटकातूनच, मौद्याच्या सवयीनं, मोठ्यानं ओरडले, “जयभीम, बाई!” छपन्न साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, बाबा तेव्हा पोरगे होते, तेव्हापासून ते असंच ओरडतात. वरची खिडकी उघडी होती. ती बंद झाली. बास. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब जिन्यात भेटले तर तसेच गोड. “भाऊ आले होते वाटतं? छान, छान.”

मेजर त्याच्यानंतर आला, थंडीत. दवाखान्याच्या जुन्या मेट्रन अँग्लो-इंडियन होत्या, त्या बहिणीकडं ऑस्ट्रेलियाला चालल्या, आणि कुत्र्याला कुणी घेईना. आत्याबाई गेल्या होत्या निरोप द्यायला, परत आल्या रिक्षात कुत्रा घेऊन. रिक्षावाला अर्ध्या रस्त्यातून भांडत आला होता. मेजरला इंग्रजीच समजायचं. आत्याबाईंनी त्याला महिनाभरात नागपुरी शिकवली.

तोवर नळ बरा होता. सकाळी यायचा, पिंप भरायचा, विहिरीची आम्हाला गरजच पडली नाही. होळी झाली आणि नळाची धार करंगळीएवढी झाली. नागपूरचं ऊन मी तुम्हाला काय सांगू! आणि बुलडॉगला ऊन सोसत नाही, नाकच नाही ना त्याला धड. दुपारी त्याचा श्वास असा वाजायचा जसा कुणी करवतीनं लाकूड कापतंय. आत्याबाई ओलं पोतं त्याच्या अंगावर टाकायच्या, ते तासाभरात कडक. पुन्हा भिजवा. आंघोळ आता रविवारची राहिली नव्हती, रोजची झाली होती. शौक म्हणून नाही. पाणी नसतं तर तो मेला असता, इतकं सरळ होतं ते.

म्हणून मी बादली घेऊन विहिरीवर गेले. दोर नव्हता. वर विचारायला गेले तर काकूंनी दारातच थांबवलं आणि भाऊसाहेबांना हाक मारली. ते आले, हात जोडून. “तुमचं काही नाही हो, बेटा. सिस्टरांचंही काही नाही. पण तो कुत्रा! तुम्ही त्याला हात लावता, मग त्याच हातानं दोर, बादली… पिण्याचं पाणी आहे हो. आमच्याकडं देवाला जातं ते.” मी खाली येऊन सांगितलं. आत्याबाई भाजी चिरत होत्या. चिरतच राहिल्या. त्याच वेळी अंगणात भाऊसाहेबांची म्हैस विहिरीच्या कट्ट्याला बांधली होती आणि त्यांचा गडी तिला त्याच विहिरीच्या पाण्यानं धूत होता. शेण-मूत सगळं कट्ट्यावर. मी बोट दाखवून ओरडले, “आणि ही? ही चालते?” आत्याबाई म्हणाल्या, “म्हैस त्यायची आहे नं.”

आठवडाभर आम्ही रस्त्यावरच्या सरकारी नळावरून पाणी आणलं. सकाळी मी, संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर त्या. बँकवाल्यांची बाई रोज विहिरीवर घागर भरायची, भाऊसाहेबांच्या दोरानं. आमच्याकडं बघून बिचारी लाजायची, आणि भरायची.

मग बाबा आले. बाबांचं एक वाक्य होतं, ते मला अजून ऐकू येतं आणि अजून डोकं फिरतं. “आपल्यालेच जमवून घ्या लागते.” बसमध्ये जागा मिळाली नाही, जमवून घ्या. साहेबानं बढती दुसऱ्याला दिली, जमवून घ्या. ते भाऊसाहेबांकडं वर जाऊन चहा पिऊन आले. चहा कपात दिला म्हणून खूश. खाली येऊन म्हणाले, “बाई, माणूस वाईट नाही तो. कुत्र्याचंच कारण आहे. माहा एक दोस्त आहे वाडीले, ट्रान्सपोर्टच्या गोदामावर. त्याले राखणीले कुत्रा पाहिजेच आहे. देऊन टाक. चांगल्या घराले लाथ मारतं का कोणी एका कुत्र्यापायी?”

“तो राखण करत नाही गा,” आत्याबाई म्हणाल्या. “तो चोर आला तं त्याच्या पायावर बसते.”

“शिकंन. पोरीची परीक्षा आहे बाई. पाणी आणून आणून तिचे हात पाहा.”

माझे हात! मी म्हणत होते की माझ्या हातांना काही झालं नाही, मी आणीन पाणी, मला मध्ये घेऊ नका. कुणी ऐकेना. परीक्षा म्हटल्यावर आत्याबाईंनी मान डोलावली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी होते, आणि या एका गोष्टीपुढं त्यांचं काही चालत नसे. दुसऱ्या दिवशी बाबांनी मेजरला रिक्षात घालून वाडीला नेलं. जाताना त्याच्या गळ्यात दोरी बघून आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “रोज पुसजा म्हण त्यायले. नाकावर.” ट्रकवाले पुसणार होते!

आता नीट ऐका. कुत्रा गेला. आत्याबाईंनी अंगण फिनाइलनं धुतलं. आम्ही दोघींनी डोक्यावरून आंघोळ केली, नवी बादली आणली, आणि रविवारी सकाळी आत्याबाई स्वतः वर गेल्या दोर मागायला. मी मागं उभी. भाऊसाहेब हसले. “वा, वा. कुत्रा दिलात, फार बरं झालं हो. दोर? दोर ना, जरा कच्चा झालाय. नवीन आणू या.” नवीन आला तो बँकवाल्यांच्या बाईच्या हातात दिसला. पुन्हा विचारलं, तर रहाट नीट फिरत नाही, तुम्हाला जमणार नाही. मग, यंदा पाणी खाली गेलंय. मग काकू, आतून, भांडी आपटत, “एकदा श्रावणातली पूजा होऊ द्या म्हणावं, मग बघू.” श्रावण! एप्रिल चालू होता!

त्या दिवशी जिना उतरताना मला आठवलं. आम्ही राहायला आलो तेव्हा दोर विहिरीवरच असायचा, कट्ट्याच्या खुंटीला. दिवाळीनंतर तो वर गेला. दिवाळीनंतर! मेजर तर थंडीत आला. मी पायरीवरच थांबले आणि आत्याबाईंना म्हणाले, “दोर तर पहिलेच उचलला होता त्यायनं. कुत्रा यायच्या पहिले.” त्या म्हणाल्या, “मले माहीत आहे.” मी किंचाळले, “माहीत होतं तं मेजरले काहून पाठवलं?” त्या म्हणाल्या, “तुह्या बापाले माहीत नव्हतं. त्याले दाखवल्याशिवाय समजत नाही. आणि मलेही वाटलं, एखाद्या वेळेस मीच चुकत असीन.” त्या चिडल्या नव्हत्या. आत्याबाईंना न चिडता बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्याचीच भीती वाटली.

माझा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आत्याबाई ड्यूटीवरून सरळ घरी आल्या नाहीत. संध्याकाळी, ऊन उतरायच्या आधी, गल्लीत एक ट्रक शिरला. आमच्या गल्लीत हातगाडी फसायची, तिथं ट्रक! पोरं मागं धावत आली. ड्रायव्हरनं फाटकासमोर ब्रेक मारला, आणि केबिनमधून पांढऱ्या साडीतल्या आत्याबाई उतरल्या. मग ड्रायव्हर आणि क्लीनरनं मिळून मेजरला उतरवलं.

मेजर नव्हता तो. ग्रीस लागलेला, काळा, कानांत गोचिड्या, नाकावरची घडी सडून पिवळी झालेली. वाडीला त्यांनी त्याला उभ्या ट्रकखाली बांधला होता, राखणीला. त्याच्या गळ्यात ताडपत्री बांधायचा ट्रकचा जाड दोर होता, भला लांब, त्याची वेटोळी क्लीनरच्या खांद्यावर. मला पाहून मेजरनं शेपटीचं बुडुख हलवलं आणि खाली बसला. त्याचा श्वास ऐकवत नव्हता.

आत्याबाईंनी त्याच्या गळ्यातला दोर सोडला. टोक आमच्या बादलीला बांधलं. विहिरीवर गेल्या, दोर रहाटावर टाकला आणि बादली आत सोडली. रहाट मस्त फिरला. काय म्हणे फिरत नाही!

वर खिडकी उघडली. “अहो सिस्टर! अहो, काय करताय हे!” भाऊसाहेब बनियनवर धावत खाली आले. मागून काकू. बँकवाले दारात. गल्लीतली पोरं कंपाउंडवर चढलेली. आत्याबाईंनी पहिली बादली मेजरवर हळूहळू ओतली, आधी पाय, मग पोट, मग पाठ, एकदम डोक्यावर नाही. मला म्हणाल्या, “साबण आण वं. आणि कापूस.”

“सिस्टर, मी इतकं समजावून सांगितलं होतं…”

“काय सांगतलं होतं? कुत्रा नाही पाहिजे. गेला होता कुत्रा. तं पाणी भेटलं का?” साबण सुरू. “बोला नं जी भाऊसाहेब. कुत्रा गेला, पाणी काहून नाही भेटलं?”

“तुमचं काही नाही हो, पण…”

“पण काय? मी इथंच आहे. आज नहाणं लंबं चालणार आहे. सांगा आरामात.”

भाऊसाहेब घामानं भिजले होते. त्यांना अजूनही गोड काहीतरी सापडलं असतं, मला खात्री आहे. पण काकूंना राहवलं नाही. “विहीर बाटवली हो मेलीनं! सांगत होते, या लोकांना घर देऊ नका! धर्म बदलला म्हणून जात जाते का? महारांना विहिरीवर चढवून ठेवलंत!”

बँकवाल्यांची बाई आत निघून गेली. आत्याबाई हसल्या, अगदी मोकळ्या हसल्या. “बोलल्या बाप्पा! एवढंच ऐकाचं होतं. ऐकलं का गा भाऊसाहेब? तुही बायको म्हणते, कुत्र्याचं काही नाही.”

आणि मग त्यांनी काय केलं? पळून आत गेल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, पोलिसात जाते म्हणाल्या नाहीत. पाटावर बसल्या आणि मेजरला पुसू लागल्या. भाऊसाहेब ओरडत होते. हो, आता ओरडत होते, गोडपणा गेला होता, ‘आत्ताच्या आत्ता खोल्या खाली करा’ म्हणत होते. आत्याबाई बोटाला कापूस गुंडाळून नाकावरची घडी उघडत होत्या. “दुखते का जी मेजर? थोडंसं. झालं.” एक घडी. दुसरी. गोचिड्या चिमट्यानं काढून घासलेटाच्या वाटीत. पुन्हा कापूस. मला दगड उचलून मारावासा वाटत होता, आणि त्यांचा हात जराही हलत नव्हता. शेपटीखालचा खळगासुद्धा त्यांनी सोडला नाही.

पुढं जे झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. भाऊसाहेबांनी विहीर शुद्ध करायची ठरवली. रीतसर. डिझेल पंप आणून सगळी विहीर उपसायची, चुना टाकायचा, पूजा करून गंगाजल सोडायचं, मग नवं पाणी भरेल ते पवित्र. कधी? मे महिन्यात! नागपुरात! अरे, मे महिन्यात नागपुरात कोणी विहीर उपसतं का? शेंबडं पोरही करणार नाही. बँकवाले हात जोडत होते, “भाऊसाहेब, पाऊस पडू द्या, मग करा.” ऐकलं नाही. दिवसभर पंप धडधडला, चांगलं नितळ पाणी गटारातून रस्त्यावर वाहून गेलं, आणि लोक बादल्या घेऊन गटाराशी उभे. तळ लागला. पूजा झाली. आणि नवं पाणी आलंच नाही. झरे आटलेले. तळाशी नुसता चुन्याचा पांढरा चिखल.

मग काकू आल्या रस्त्यावरच्या सरकारी नळावर, डोक्यावर पदर, हातात घागर. रांगेत सगळ्या पलीकडच्या आमच्या लोकांच्या वस्तीतल्या बाया, आणि आत्याबाई. काकू सरळ पुढं निघाल्या. आत्याबाईंनी घागर खाली ठेवली आणि म्हणाल्या, “लाइन तिकडून आहे, काकू.” काकू गेल्या मागं. कुणी हसलं नाही. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन उड्या मारल्या, आणि आत्याबाई माझ्यावर ओरडल्या. “नाचून काय राहिली? विहिरीत पाणी नाही, तं मेजरले कुठून आणू?”

कारण नवतपा, मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, सुरू झाला होता. सरकारी नळावर घरटी मोजून घागरी, तासन्‌तास रांग. पिण्याचं, स्वयंपाकाचं, आणि उरलेलं मेजरच्या पोत्यावर. उरतच नव्हतं. भाऊसाहेबांनी आम्हाला पाणी द्यायचं नाही म्हणून सगळ्यांचंच पाणी फेकून दिलं, स्वतःचंसुद्धा. या माणसांचा हा हिशेब मला आजही कळत नाही. स्वतः तहानलेले राहतील, पण तुम्ही प्यायला नको.

एका दुपारी आत्याबाई ड्यूटीवर असताना मेजर गेला. मी जवळ होते. मी आमचं पिण्याचं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं, माठसुद्धा रिकामा केला. करवतीचा आवाज हळू झाला आणि थांबला.

आत्याबाई आल्या, बघितलं, हातपाय न धुता त्याच्याजवळ बसल्या. आंघोळ घालायला घरात थेंब नव्हता. त्यांनी कोरडं फडकं घेतलं आणि नेहमीसारखं पुसायला लागल्या, नाकावर, डोळ्यांखाली, मानेला. मी म्हणाले, “आत्याबाई, काही तं बोला.” त्या म्हणाल्या, “मेजर, चला जी.” आणि मग रडल्या.

बाबा मौद्याहून आले सामान हलवायला. तलावाच्या कडेला मोकळ्या जागेत त्यांनी स्वतः खड्डा खणला, भर उन्हात, कुणाला कुदळ घेऊ दिली नाही. हातगाडीवर ट्रंका चढवताना भाऊसाहेब खाली आले. पुन्हा गोड. “झालं गेलं विसरा हो. तुमच्या बहिणीला जरा समजावा, फार तापट आहेत.” मला वाटलं, आता बाबा मान डोलावतील. जमवून घेतील. बाबांनी ट्रंक खाली ठेवली. म्हणाले, “ते समजलेलीच आहे जी. वेळ मले लागला.” आणि ट्रंक उचलली. बाबांनी त्यांच्या आयुष्यात कुणाला दिलेलं हे सगळ्यात कडक उत्तर, मला पाठ आहे.

आत्याबाईंना नंतर दवाखान्याचं क्वार्टर मिळालं. कुत्रा पुन्हा पाळला नाही. वॉर्डात मात्र पेशंटला स्पंजिंग करायचं असलं की शिकाऊ पोरींच्या डोक्यावर बसायच्या, काखेत पुसलं का, बोटांच्या मध्ये पुसलं का. मागच्या थंडीत गेल्या. शेवटच्या आजारातही नर्सवर ओरडत होत्या, ती सुई नीट धरत नव्हती म्हणून.

मी आता नोकरीला लागले आहे आणि भाड्याची खोली शोधते आहे. नागपुरातच. मी काही आडपडदा ठेवत नाही. फाटकातून आत गेले की पहिलं आडनाव सांगते, दुसरं सांगते की आम्ही बौद्ध, आणि मगच खोलीचं विचारते. बहुतेक ठिकाणी चेहरा तसाच राहतो, हसरा. “तसं काही नाही हो ताई, आम्ही काही मानत नाही. पण काय झालं, खोली कालच गेली.” मी बरं म्हणते. भांडत नाही. म्हणते, ऊन फार आहे, जरा प्यायला पाणी द्या.

आणि दारातून हलत नाही.